अकरा कडव्यांचा पाळणा

दहीहंडी बांधून तयार होती आणि ती फोडणारा कृष्ण सापडत नव्हता.

पडद्यामागे पत्र्याच्या पेटीवर मुकुट ठेवलेला होता. बाजूला घडी घातलेलं पितांबर, बासरी, रुमालात गुंडाळलेले पैंजण. हे सगळं जिच्या अंगावर असायचं, ती चार वर्षांची अलीझा कुठेच नव्हती.

फौजदार प्राजक्ता इंगोले पोचली तेव्हा मांडवातली माणसं हलली नव्हती. नांदगाव खंडेश्वरच्या कडेला, दोन हंगाम बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात काला होता. दोन हजार नऊचा श्रावण, आणि आभाळ कोरडं. सोयाबीन माना टाकून उभं होतं. देवाला रुसायला निमित्त नको म्हणून गावाने कसाबसा हा कार्यक्रम आणला होता, आणि देवच हरवला होता.

"विहिरी?" प्राजक्ताने पहिला प्रश्न विचारला.

"दोन्ही पाहिल्या मॅडम, गळ टाकून," हवालदार उत्तमराव म्हणाले. "काही नाही. नाला कोरडाच हाये. गोडाऊनचं कुलूप तोडून पाहिलं."

"रस्ते?"

"बडनेऱ्याच्या रोडवर माणूस उभा केला, यवतमाळच्या रोडवर बी. पन आपल्याले कळ्ळं तवा जाणारा जाऊन चुकला होता."

वर्दीच्या आत प्राजक्ताची छाती दुधाने ठणकत होती. अमरावतीत तिचं सात महिन्यांचं पोर आजीच्या मांडीवर मूठ चोखत पडलं असेल. रजेवरून परत येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तिने दात आवळले आणि पेटीकडे पाहिलं.

पेटीमागे खोबरेल तेलाची बाटली होती. झाकण नीट लावलेलं. तिच्याखाली एक मऊ फडकं, निळं झालेलं.

"पोरीच्या तोंडाचा रंग कोणी पुसला?"

तिने फडकं उचलून हुंगलं.

"उत्तमराव, हे तेलानं पुसलंय. पाण्यानं चोळलं असतं तर कातडी चरचरली असती, पोर रडलं असतं."

"आवाज होऊ नये म्हून पुसलं असंल तेलानं."

"तसंही असेल." तिने पैंजणांचा रुमाल उघडला. दोन्ही पैंजणांचे मळसूत्राचे आकडे पुन्हा फिरवून बंद केलेले होते. "किंवा तिला दुखू नये म्हणून."

पंजाबराव हे झाकी मंडळाचे मालक. अमरावतीचे, साठीतले.

"झाकी कशी चालते ते आधी सांगा मला."

"समोर पोरं सजून उभी राहतात मॅडम, नाचतात. गाणारी पडद्यामागं माईक घेऊन बसते. ढोलकीवाला स्टेजच्या कोपऱ्यात. अन् शाकीब, म्हंजे पोरीचा बाप, तिकडं लोकायच्या मधात टेबलावर. आवाजाचं सारं त्याच्या लॅपटॉपवर."

"अलीझाला शेवटचं कधी पाहिलं?"

"लोणी चोरायची झाकी झाली, आत गेली. मीच पडदा उचलला तिच्यासाठी. मंग पाळणा लागला. त्यात तिचं काम नसते, पाळण्यात लाकडाचा बाळकृष्ण असते. पाळणा संपला, हंडीसाठी हाक मारली, तं कृष्ण नाही."

"म्हणजे पाळणा चालू असताना गेली. तेव्हा पडद्यामागे कोण होतं?"

"एकटी दुर्गाबाई. अन् थे तं गाऊन राहिली होती. साऱ्या गावानं आयकलं."

"बराच वेळ चालला म्हणे पाळणा."

"एरवी पाच कडव्यात आटोपतो. आज बाई म्हणे, अकराही म्हणू. काल्याचा मान हाये. म्या म्हणलं, म्हण."

"शाकीबचं कोणाशी वैर?"

पंजाबरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझंच भांडण झालं त्याच्यासंग, लपवत नाही. दिवाळी झाली का सुरतेले चालला थो. पोरीले अकोल्याले नानीपाशी ठेवतो म्हणे. त्याचं बी काय चुकलं? गावं वर्गणी काढत नाहीत, आमाले कोण बोलावते? पन रागात दोन शब्द जास्त बोललो."

शाकीब टेबलापाशीच उभा होता. लॅपटॉप उघडा, आणि त्याच्या झाकणावर दोन्ही हात टेकलेले. तिशीही न गाठलेला माणूस. तासाभरात चेहरा म्हातारा झालेला. अलीझाची आई तिला जन्म देतानाच गेली होती, हे उत्तमरावांनी वाटेत सांगितलं होतं. चौदा गावच्या मांडवांत हे पोर वाढलं होतं.

"पाळण्याच्या वेळी कुठे होतास?"

"इथंच. लॅपटॉपवर."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

"काय करत होतास?"

"बाईचा आवाज वायरीतून लॅपटॉपमधी येते. मी त्याच्यावर इफेक्ट टाकतो. थोडी गूंज टाकतो, सूर उतरला तं सरळ करतो. मंग थो आवाज भोंग्यात जाते."

"गाता गाताच?"

"हो जी." त्याने वर पाहिलं नाही. "मॅडम, तुमी मले इचारून राहिल्या, अन् तिकडं माझी पोरगी…"

"कावून खोटं बोलतं बे?" मागून कोणीतरी ओरडलं. "मधातच लाईट गेली, तवा जनरेटरचं हँडल कोण मारत होता? तूच ना?"

गर्दी एक पाऊल पुढे सरकली. पंजाबरावांनी मान खाली घातली. "खरं हाये, मॅडम. लोडशेडिंगच्या वेळेच्या आधीच लाईट गेली. जनरेटरवाला आलाच नव्हता. शाकीबच धावला."

प्राजक्ता वळली. "मग टेबलावर कोण होतं?"

शाकीबने लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं.

"बापच खोटं बोलते," गर्दीतून आवाज आला. "बापानंच देल्लं कुठं तं."

"चूप," उत्तमराव गरजले. मग हलक्या आवाजात, "मॅडम, याले गाडीत बसवू. लोकायचा काही भरोसा नाही."

"बसवा," शाकीब म्हणाला. "काय करायचं ते करा मले. पन मी काहून खोटं बोल्लो ते इचारू नका. मी सांगलं तं थे वापस येनार नाही." तो खाली बसला आणि टेबलाच्या पायाला डोकं टेकवलं. "खुदा की कसम, मले नाही मालूम थे कुठं हाये."

एवढं मात्र प्राजक्ताने मानलं. खोटं बोलणारी माणसं तिने पाहिली होती. हा माणूस आता खोटं बोलत नव्हता, कशाला तरी भीत होता. पोलिसांना नव्हे. गर्दीलाही नव्हे.

डोमाजी ढोलकीवाले बिडी न पेटवता बोटांत फिरवत बसले होते.

"तुम्हाला काही दिसलं?"

"माही पाठ पडद्याकडं. दिसन काय? उलट आज बाईनं मले उघडं पाडलं चार लोकांत."

"कसं?"

"जाऊ द्या मॅडम. पोर हरवलं अन् मी ताला-सुराचं काय सांगू."

"सांगा."

"लाईट आली तवा मी एका जागी, बाई दुसऱ्याच जागी. वीस सालात असं झालं नाही. तिची तब्येत बरी नसंल."

दुर्गाबाई पडद्यामागे स्टुलावर बसल्या होत्या. वऱ्हाडात बारसं असलं की पाळणा म्हणायला लोक ज्यांचं नाव घ्यायचे, त्या दुर्गाबाई. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर मोठं कुंकू, डोळे सुजलेले. समोर माईक, त्याची कळ बंद. शेजारी थर्मास आणि उपडा कप. प्राजक्ताने थर्मास सहज उचलला. गळ्यापर्यंत भरलेला होता. आल्याच्या काढ्याचा वास, अजून कडकडीत.

"पाळण्याच्या वेळी इथून कोणी गेलं?"

"गातानी मी डोळे मिटून घेतो, पोरी," त्या कुजबुजल्या.

"असं कुजबुजता कशाला?"

"अकरा कडवी म्हणली. गळा बसला."

"अलीझा तुमच्या जवळची होती?"

"मले बडी अम्मी म्हणते. चार महिन्याची होती तवापासून माह्या कुशीत निजते." पदर डोळ्यांना लागला. "आता मले बडनेऱ्याले सोडून द्या न. घर तिथंच हाये माहं. बीपीची गोळी घरी राह्यली."

"गोळी इथल्या दुकानात मिळेल. उत्तमराव आणतात."

"नाही, नाही. सांज पडायच्या आत गेलेलं बरं."

प्राजक्ता बाहेर आली. ऊन उतरत होतं आणि आवाराच्या पडक्या भिंतीतून रस्ता दिसत होता. छातीत आता गाठी धरल्या होत्या. ती भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. आपलं पोर कोणी असं तेलाने तोंड पुसून उचललं, तर आपण घरी गोळी राहिली म्हणून घरी जाऊ का?

तिने डोळे उघडले. "उत्तमराव, त्या केबलवाल्याला बोलवा. शूटिंग करत होता तो."

खुशालराव केबलवाल्याचा कॅमेरा बॅटरीवर चालत होता. लाईट गेली तरी तो थांबला नव्हता. प्राजक्ताने त्या छोट्या पडद्याला कान लावला.

पाळणा चालू. दुर्गाबाईंचा आवाज, लांब, गोड, गूंजेत भिजलेला. हाल रे पाळण्या, हळूच हाल. तिसरं कडवं सुरू झालं आणि फटकन सगळं बंद. लोकांचा गलका. एक पोर रडतंय. ढोलकी एकटीच हळू ठेका धरून आहे. कॅमेरा स्टेजपासून हाताच्या अंतरावर, आणि पडदा स्थिर. मग दूर कुठेतरी जनरेटरची धडधड, भोंग्यात खरखर, आणि आवाज परत आला.

"थांबा. पुन्हा लावा."

तिने तीनदा ऐकलं. मग ती टेबलाकडे गेली.

"सगळ्यांना स्टेजवर घ्या. बाईंनाही. आणि त्या भोंग्यांची लाईन चालू करा. लॅपटॉपमधून नाही. माईक थेट भोंग्याला."

चौघं स्टेजवर उभे होते: शाकीब, पंजाबराव, डोमाजी, दुर्गाबाई.

"माझी आई भजनी मंडळात गाते," प्राजक्ता म्हणाली. "आमच्याकडे लाईट गेली नाही असं एकही भजन मी पाहिलं नाही. डोमाजीकाका, लाईट गेली की गाणारा काय करतो?"

"काय करन? दोन शब्द तसाच म्हणते, मंग थांबते. ढोलकीनं ठेका धरून ठेवायचा. लाईट आली का दोघंबी ध्रुवपदावर. ही रीतच हाये."

"आज तुम्ही काय केलंत?"

"ध्रुवपदावर आलो."

"आणि बाई?"

डोमाजींनी दुर्गाबाईंकडे पाहिलं. "बाई पाचव्या कडव्यात होती."

"तिसऱ्यात लाईट गेली. लाईट आली तेव्हा आवाज पाचव्यात, ओळीच्या मधून सुरू. जसं काही मधल्या वेळात लाईट गेलीच नव्हती." तिने कॅमेरा दाखवला. "आणि त्या मधल्या वेळात पडद्यामागून एक शब्द नाही. माईक मेला तरी माणसाचा गळा लगेच मरत नाही. समोरच्या कॅमेऱ्याला दोन शब्द ऐकू यायला पाहिजे होते. आले नाहीत. कारण तिथे कोणी गातच नव्हतं. गात होता लॅपटॉप. तो बॅटरीवर होता. भोंगे बंद झाले, गाणं आत चालूच राहिलं."

पंजाबरावांनी वळून दुर्गाबाईंकडे पाहिलं.

"एरवी लाईट गेली की शाकीब गाणं थांबवत असेल, आणि पुन्हा ध्रुवपदापासून लावत असेल. म्हणून कोणाला कळलं नाही. आज जनरेटरवाला नव्हता. तो धावला, टेबल रिकामं राहिलं. आपण तिथेच होतो असं तो खोटं बोलला, कारण टेबलावर कोणी नसताना गाणं चालू होतं हे उघड झालं असतं." ती त्याच्याकडे वळली. आवाज खाली आला. "शाकीब, तू कोणाला तरी वचन दिलंस. मोडलं तर अलीझाला काही होईल असं वाटतंय तुला. पण तुझं वचन तिला वाचवत नाहीये. लपवून ठेवतंय."

शाकीब बोलला तो दुर्गाबाईंकडे पाहून.

"दोन साल झाले, बाईचा गळा गेला. डॉक्टर म्हणे, गायचं नाही. आधी मी थोडी गूंज वाढवली. मंग सूर सरळ करू लागलो. मंग तिचा आवाजच उरला नाही, निस्ता माहा इफेक्ट उरला. मंग जुनं रेकॉर्डिंग लावू लागलो. बाई पडद्यामागं बसून राहे, इज्जतीसाठी. मले म्हणली, कसम खाय, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. म्या खाल्ली." त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "मले वाटलं, बाई तिथं बसेलच हाये. गाते का नाही गात, त्यानं माह्या पोरीचं काय होते? म्या तेवढ्यासाठी…"

"बसलेल्या नव्हत्या," प्राजक्ता म्हणाली. "अकरा कडव्यांचा वेळ मागून घेतला होता. त्यात तेलाने तोंड पुसलं, पैंजण काढले, साधे कपडे घातले, जिनिंगच्या पडक्या भिंतीतून रस्त्यावर नेलं आणि कोणाच्या तरी हाती दिलं. परत येऊन बसल्या. काढ्याचा घोटही घेतला नाही, कारण घसा दुखायला गायल्याच नव्हत्या. आणि पोर सापडायच्या आधी त्यांना बडनेऱ्याला जायचंय, सांज पडायच्या आत."

तिने माईकची कळ वर केली आणि तो दुर्गाबाईंच्या हातात दिला.

"मी चुकत असेन तर एक ओळ म्हणा, बाई. हाल रे पाळण्या."

दुर्गाबाईंनी माईक तोंडाशी नेला. भोंग्यातून फक्त श्वास आला. खरबरीत, तुटका. मग तोही थांबला.

"थे मले बडी अम्मी म्हणते," त्या भोंग्यातून साऱ्या गावाला म्हणाल्या. "वीस सालं लोकायच्या घरचे पाळणे गायली मी. आवाज गेला, काही बोल्ली नाही. आता हे पोर बी अकोल्याले नेतो म्हणे. मंग माह्यापाशी काय ऱ्हाते, सांगा न कोणी."

शाकीब पुढे झाला. उत्तमरावांनी त्याला धरलं, पण त्याने हात उगारला नव्हता. त्याने दुर्गाबाईंचे पाय धरले. "कुठं हाये, बाई? निस्तं एवढं सांगा."

"बडनेऱ्याच्या स्टेशनवर. माही बहीण सुंदरा हाये संग. भुसावळकडची गाडी."

"फोन करा तिला."

"बंद ठेवाले सांगलं म्या. अन् मी नाही आली तरी चढ म्हणलं."

जीप बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. शाकीब पुढच्या सीटची दांडी धरून होता आणि त्याचे ओठ दुवा मागत हलत होते.

स्टेशन सणावरून परतणाऱ्यांनी तुडुंब होतं. सगळ्या फलाटांवर पोरं, बोचकी, बायका. गाडीला सिग्नल मिळाला होता.

"मी माईकवरून हाक मारतो तिले," शाकीब म्हणाला.

"नाही. तुझा आवाज ऐकला की सुंदराबाई पोराला घेऊन फाटकाबाहेर पडेल. हरवल्याची सूचना दिली तरी तेच." प्राजक्ता दुर्गाबाईंकडे वळली. "तुमच्या बहिणीने तुम्हाला गाताना शेवटचं कधी ऐकलं?"

"सीडीत आयकते. आताचा आवाज तिले काय मालूम. कोनालेच नाही." त्या थबकल्या. "शाकीबले. अन् अलीझाले. रातच्याले झोपवतो तवा."

"मग म्हणा. गाडी सुटली तर ती ना तुमची, ना याची."

फलाटावरच्याच खोलीत सूचना देणाऱ्या बाबूने उत्तमरावांची वर्दी पाहून खुर्ची सोडली; दार उघडंच राहिलं. दुर्गाबाईंनी टेबलावरचा माईक दोन्ही हातांनी धरला. इथे गूंज नव्हती, सूर सरळ करणारं कोणी नव्हतं.

हाल रे पाळण्या, हळूच हाल.

आवाज फाटला. वर चढायच्या जागी चढलाच नाही. मधले दोन शब्द हवेतच राहिले. फलाटावर कोणीतरी हसलं. एक हमाल वर भोंग्याकडे पाहून म्हणाला, कोन बसवलं आज. चहावाल्याने कान खाजवला. दुर्गाबाई थांबल्या नाहीत. दुसरं कडवं. तिसरं.

गाडी आत आली. ब्रेकांच्या किंचाळण्यात आवाज बुडाला, पुन्हा वर आला.

चौथ्या कडव्याला खोलीच्या दारात एक पिवळा फ्रॉक उभा होता. कानामागे निळा रंग पुसायचा राहिला होता. मागून एक बाई गर्दी ढकलत धावत येत होती, ती वर्दी पाहून जागीच थांबली.

शाकीब तिथेच गुडघ्यांवर बसला. पोर त्याच्या गळ्यात पडलं, पण बघत होतं दुर्गाबाईंकडेच.

"बडी अम्मी," अलीझा म्हणाली, "आज माईकमधी तू घरच्यावानी गायली."

दुर्गाबाईंनी माईकची कळ खाली केली. मग पदराचं टोक ओलं करून त्यांनी हात पुढे केला, कानामागचा तो निळा डाग पुसायला. उत्तमराव अडवायला निघाले. प्राजक्ताने त्यांना डोळ्यांनीच थांबवलं.

डाग पुसून झाला. मग प्राजक्ताने दुर्गाबाईंच्या दंडाला धरलं.